चंपाषष्ठीपर्यंत पातळ

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत एक्स-रेचा एक दवाखाना होता. तिथं मी अकरा वर्षं टेक्निशियन होतो. सुरुवातीला गल्लीतली पोरं मला 'हिरो' म्हणून हाका मारायची. माझ्या रूपात तसं काही नव्हतं. भर दिवसा मी लाल काचांचा जाड चष्मा घालून दवाखान्याच्या पायरीवर बसायचो, त्याचा तो प्रसाद होता.

चष्मा शौकाचा नव्हता. एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे आमच्याकडे जे मशीन होतं, त्याच्या पडद्यावर माणसाचं आतलं चालतंबोलतं दिसायचं, पण इतकं फिकट, हिरवट, की उन्हातून आलेल्या डोळ्यांना तिथं नुसता काळोख. म्हणून डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी यासाठी आधी वीस मिनिटं लाल चष्मा लावून बसायचं, मग अंधाऱ्या खोलीत जाऊन तो काढायचा. डॉक्टर आपल्या केबिनमध्ये चष्मा लावून शांत बसायचे. मला शांत बसणं जन्मात जमलं नाही. मी पायरीवर बसायचो, उठायचो, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो, आणि लाल दिसणाऱ्या म्हशींकडे बघत मनातल्या मनात डॉक्टरांवर चिडायचो. चिडायला कारण लागतंच असं नाही.

माझं काम म्हणजे पेशंटला उभं करणं, बेरियमचा, म्हणजे पडद्यावर उठून दिसणाऱ्या पांढऱ्या औषधाचा, पेला हातात देणं, प्लेट सरकवणं आणि तीन शब्द बोलणं. "श्वास घ्या. धरा. सोडा." 'धरा' म्हटलं की बटण दाबायचं. दिवसातून पन्नास वेळा हे तीन शब्द तोंडातून जायचे. मी झोपेतसुद्धा म्हणतो, असं बायको सांगायची. एकदा तर म्हणाली, तुम्ही झोपेत 'धरा' म्हणता आणि मी खरंच श्वास धरून पडते.

अशात दसऱ्याच्या सुमाराला अक्का आली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी, पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. मला कडेवर घेऊन तिची कंबर वाकडी झाली, असं ती चारचौघांत सांगायची आणि मी तिशी ओलांडल्यावरही माझे कान लाल व्हायचे. जुन्या काळची सातवी पास. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अक्षरओळख नव्हती. घरात आलेलं प्रत्येक पत्र तीच मोठ्यानं वाचून दाखवायची. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं याच गोष्टीनं मला अडवलं.

"भाऊ, घास खाले जात नही," ती म्हणाली आणि छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आठे अटकस."

"तू जेवताना बोलतेस किती! घास तरी कुठून वाट काढणार?" मी म्हटलं. ती हसली. पण तिचं मनगट मी हातात घेतलं, तर बांगड्या कोपरापर्यंत वर सरकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला पडद्यामागं उभं करायला सांगितलं. दिवा घालवला. मी तिच्या हातात पेला दिला. तिनं एक घोट तोंडात घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "चुना पाजस का रे?" मी सवयीनं म्हणालो, "बोलू नका. सांगितल्यावर गिळा." त्यावर ती अंधारात खुदकन हसली, "माले आहो-जाहो कराले लागना!"

मग तिनं गिळलं. पांढरी धार गळ्यातून सरळ खाली उतरली आणि छातीच्या मध्यावर आली तशी थांबली. वर साचली. खाली गेली ती दोऱ्याएवढी होऊन, आणि त्या दोऱ्याच्या कडा कुरतडल्यासारख्या. गेल्या कित्येक वर्षांत असं चित्र मी किती वेळा पाहिलं असेल! एरवी असं काही दिसलं की डॉक्टर हळूच इंग्रजीत एखादा शब्द टाकायचे. त्या दिवशी त्यांनी नुसती प्लेट मागितली. मी प्लेट सरकवली आणि म्हणालो, "श्वास घ्या. धरा." बटण दाबलं.

आणि पुढचा शब्द मी बोललोच नाही. विसरलो म्हणा, गिळला म्हणा. अंधारात अक्का श्वास धरून उभी. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "अहो बाई, सोडा श्वास." ती धापा टाकत बाहेर आली. तिच्या मागोमाग मी आलो, आणि आल्या आल्या तो लाल चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या दिवशी आणखी कुणाला पडद्यामागं उभं करायचं नव्हतं. चष्म्याचं काही काम नव्हतं.

बाहेर पिंपळाखाली दाजी उभे होते. मी सांगितलं तसे ते आधी माझ्यावरच ओरडले, तुमचं मशीन बिघडलं असेल म्हणून. मग खाली बसले आणि म्हणाले, "तिले काईच सांगानं नही. तुले मनी आन शे."

तेव्हाची रीतच ती. आमच्या दवाखान्यात रिपोर्टचं पाकीट डिंकानं बंद करून बरोबर आलेल्या पुरुषमाणसाच्या हातात जायचं. ज्याचा रिपोर्ट, तो बाकावर बसून दुसऱ्यांच्या तोंडांकडे बघत राहायचा. कॅन्सर हा शब्द डॉक्टरसुद्धा दार लावून बोलायचे. मला या रीतीचा मनातून राग होता आणि कुणाकुणाला मी तो ऐकवलाही होता. पण दाजींनी शपथ घातली तेव्हा, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. अक्काच्या तोंडाकडे बघून तो शब्द उच्चारायची माझी छाती नव्हती. भित्रेपणाला शपथेचं पांघरूण मिळालं, इतकंच.

पुढं जळगावला नेलं. तिथल्या सर्जननी घशातून दिव्याची कांडी घालून आतला बारीक तुकडा काढला, तो तपासायला पाठवला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते यायच्या आधीच अक्काला दूधसुद्धा चमच्यानं घ्यावं लागत होतं. उत्तर आलं ते आम्हाला माहीत होतं तेच. कापून काढण्याच्या पलीकडे गेलेलं. पण सर्जन म्हणाले, पोट न उघडता तोंडावाटे एक नळी बसवता येईल. गाठ आहे तिथंच राहील, वाढेलही, पण रस्ता मोकळा होईल आणि बाई उपाशी मरणार नाहीत. ते दर गुरुवारी धुळ्याला येत, आणि नळी नेमक्या जागी बसली की नाही ते बघायला आमचा पडदा चांगला होता. म्हणून ते काम आमच्याच टेबलावर करायचं ठरलं.

नळी म्हणजे बारीक तारेची घट्ट वळलेली स्प्रिंग होती, बोटाएवढी जाड, वरचं तोंड नरसाळ्यासारखं. ती मी उकळत्या पाण्यातून काढताना हातातून पडली आणि पुन्हा उकळावी लागली. अक्काचा घसा बधिर केला, गुंगीचं औषध दिलं. दिवा गेला. पडद्यावर तिच्या फासळ्यांमधून ती स्प्रिंग एक-एक बोट खाली सरकताना दिसत होती. अडली. सर्जननी कांडीनं थोडा जोर दिला. अक्का घशातून कण्हली. आणि स्प्रिंग त्या कुरतडलेल्या जागेतून पार होऊन बसली. सर्जन म्हणाले, "झालं."

संध्याकाळी तिनं कपभर चहा घेतला. चमच्यानं नाही, बशीत ओतून फुर्र करून. महिन्या-दीड महिन्यानं. दाजी भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि नाक शिंकरतोय असं दाखवत होते.

सर्जननी आम्हा दोघांना बाहेर घेऊन नीट बजावलं होतं. यापुढं कायम पातळच. कढी, पेज, वरणाचं पाणी, गाळलेलं सगळं. भाकरी, भाजीचे धागे, काही म्हणजे काही नाही. एक घास अडकला तर नळी बंद. आम्ही माना डोलावल्या. आत आलो तर अक्का उठून बसलेली.

"चंपासटले भरीत-भाकर खाता यी ना रे?" तिनं विचारलं.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की मग वांगं सुटतं. खानदेशातल्या माणसाला चार महिने वांग्याशिवाय ठेवायचं म्हणजे काय, ते त्यालाच विचारा. अक्काच्या परसात वांग्याची वाफ असायची. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी ती स्वतः कुटायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी स्वतः थापायची आणि सगळ्या गल्लीला बोलावून जेवू घालायची. त्या वर्षी चंपाषष्ठी बरोबर पंधरा दिवसांवर होती.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्काकडे पाहिलं. तिला 'नाही' म्हटलं असतं तर तिनं 'का' विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर तर शपथेत बांधलेलं होतं. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "पंधरा दिन पातय खाय. सूज उतरी जाई. मंग बठ्ठं खाजो."

पंधरा दिवस पातळ, मग हवं ते खा, हे मी अनोळखी पेशंटांना 'काळजी करू नका' म्हणायचो ना, अगदी त्याच आवाजात सांगितलं. अक्कानं मान हलवली. दाजींच्या चेहऱ्यावर तर असं समाधान पसरलं, जणू मी एक मोठी अडचण दूर केली.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते बायकोला विचारायला हवं होतं. मी कुणाशी सरळ बोलत नव्हतो. ताट समोर आलं की भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचो. पहिल्याच रात्री मला कळून चुकलं होतं की मी काय बोलून बसलो. अक्का दिवस मोजणारी बाई. चंपाषष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. दाजींना कळवायला हवं होतं की काहीतरी निमित्त काढून तिला थांबवा. पण कळवणार कसं? कार्ड टाकावं तर ते पोस्टमनपासून सगळे वाचणार. आंतर्देशीय पत्र टाकावं तर ते फोडून वाचणार कोण? अक्काच. "ती. दाजींना शि. सा. न. वि. वि., अक्काला भाकरी देऊ नये," हे अक्कानंच दाजींना मोठ्यानं वाचून दाखवायचं! मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली.

जायला हवं होतं. पारोळ्याची एसटी तासा-दीड तासाचं काम. एका रविवारी सायकल घेऊन पांझरेच्या पुलावर गेलो, तिथून तसाच स्टँडवर. गाडी लागलेली होती. मी चढलो, खिडकीशी बसलो. कंडक्टरनं घंटी मारायच्या आधी उतरलो. जाऊन अक्कासमोर उभा राहिलो तर ती पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे मला माहीत होतं. दाजी संभाळून घेतील, अशी मी मनाची समजूत घातली. आणि तिकडे दाजी, हे मला नंतर कळलं, भाऊ येऊन संभाळून घेईल म्हणून रोज पारोळ्याच्या रस्त्याकडे बघत बसले होते.

चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते दोघं आले. अक्काच्या हातात पत्र्याचा डबा होता आणि ती दर मिनिटाला त्यात थुंकत होती. स्वतःची लाळसुद्धा खाली उतरत नव्हती.

"तू सांगेल व्हतं!" दाजी सगळ्या दवाखान्यासमोर माझ्यावर ओरडले. "मी म्हनं, अजून चार दिन थांब. ती म्हने, भाऊ दवाखानामा शे, त्यानं मोजी सांगेल शे!"

डॉक्टरांनी जळगावला ट्रंककॉल लावला. सर्जन गाडी घेऊन दुपारी आले. अडकलेला घास पडद्यावर बघत, मऊ रबरी कांडीनं खाली ढकलून बघू, म्हणाले. नाही गेला तर नळी ओढून काढावी लागेल, आणि ती परत बसेल याची खात्री नाही. ते आणि डॉक्टर केबिनमध्ये लाल चष्मे लावून बसले. मीही माझा चष्मा लावला आणि बाकावर अक्काजवळ बसलो. वीस मिनिटं.

ती डब्यात थुंकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तो चष्मा काढ, आन मंग बोल माना संगे."

"काढता येत नाही. डोळे तयार व्हायला पाहिजेत."

"काढ."

मी काढला. भर दुपारचं ऊन दारातून आत आलेलं. डोळ्यांत एकदम पाणी आलं, ते उजेडाचं होतं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो.

"माले काय व्हयेल शे?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तो शब्दही सांगितला. नळी कशासाठी आहे, किती दिवस आहे म्हणजे कायमची आहे, सूज वगैरे काही नव्हतं, पंधरा दिवस मी मनानं ठोकून दिले होते, सगळं. बोलताना मला वाटत होतं की ती रडेल, निदान माझ्या मुस्कटात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "माले त्याच दिनले समजनं व्हतं. तू बठ्ठासले 'सोडा' म्हनस. माले म्हनानंच इसरी गया. आन भायेर ई सन चष्मा लावी बसना, कोनी पेशंट नही तरी."

मला राग आला. स्वतःवरचा राग असा दुसऱ्यावर काढायची माझी जुनी खोड. "समजलं होतं ना? मग भाकर काबरं खादी?"

ती पुन्हा थुंकली.

"तुम्ही बठ्ठा सांगी ऱ्हायनात, पंधरा दिन," ती हळू म्हणाली. "मी म्हनं, आपलंच चुकी ऱ्हायनं व्हई. भाकर उतरनी तर तुम्ही खरा, मी खोटी. मनी लई इच्छा व्हती रे भाऊ, तुम्ही खरा निंघो अशी."

मी तिचा हात धरला. बांगड्या तिनं दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या, सरकू नयेत म्हणून.

"आते किती दिन शेतस?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, अक्का. आकडा आता मी सांगणार नाही."

"हां," ती म्हणाली. तिचा चेहरा मला मोकळा वाटला. अक्का त्यानंतर होळीपर्यंत होती. आपल्याला काय झालंय ते तिनं गल्लीतल्या प्रत्येक बाईला स्वतः सांगितलं, दाजी कपाळावर हात मारत राहिले. भरीत ती बसून दुसऱ्यांना खायला लावायची आणि मीठ कमी पडलं का ते नुसत्या वासावरून सांगायची. माझी चूक तिनं एकदाही काढली नाही. ती मीच काढत आलो.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. केबिनचं दार उघडलं. डॉक्टरांनी हाक मारली. माझे डोळे तयार नव्हते, पुन्हा वीस मिनिटं चष्मा लावायला हवा होता, पण मी ते बोललो नाही. अक्काला टेबलावर निजवलं. दिवा गेला.

मला काहीच दिसेना. पडदा कुठे आहे तेही कळेना. इतकी वर्षं या खोलीत सगळ्यांच्या आधी मला दिसायचं, आणि आज दोन्ही डॉक्टर पडद्यावर वाकून बघत होते आणि मी टेबलाची कड धरून आंधळ्यासारखा उभा. कांडी आत जाताना तिचा घसा घरघरला. "थोडं डावीकडे," आमचे डॉक्टर म्हणाले. अक्काची टाच टेबलावर आपटत होती, एवढंच ऐकू येत होतं.

"काय झालं?" मी विचारलं. दाराबाहेर उभे राहून नातेवाईक विचारतात, तसं. आजवर असं विचारणाऱ्यांना मी 'थांबा हो जरा' म्हणून गप्प करत आलो होतो.

"पाणी द्या त्यांना," सर्जन म्हणाले.

मी चाचपडत तिचं डोकं उचललं, पेला ओठांना लावला. थोडं तिच्या हनुवटीवर सांडलं. मग गिळल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. डॉक्टर काही म्हणायच्या आधी तीच म्हणाली, "गयं रे भाऊ. खाले गयं."

नळी जागेवर आहे ना, त्याचा फोटो घ्यायचा होता. मी हातानं चाचपत प्लेट सरकवली, बटण शोधलं.

"श्वास घे, अक्का," मी म्हणालो. "धर." बटण दाबलं. "सोड."

तिनं श्वास सोडला. अंधारात तिचा बसलेला, खरखरीत आवाज आला, "या डाव इसरना नही तू."